माय फेराला नको म्हणाली नव्हती

गाव सोडलं त्या दिवशी टेम्पोत सामान फार नव्हतं. एक लोखंडी पेटी, थोड्या गोधड्या, ज्वारीचं पोतं आणि माझी आई. तिला आम्ही माय म्हणायचो. ड्रायव्हरशेजारी जागा होती, पण ती तिथं बसायला तयार झाली नाही. मागं पोत्याला टेकून, गावाकडं तोंड करून बसली. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते आणि मी तिला वाळूजला, बजाजनगरच्या माझ्या खोलीवर न्यायला आलो होतो.

वेशीपाशी बायका उभ्या होत्या. त्यांच्यात शरीफाबी होती, आमच्या गावातल्या मणियाराची सून. साऱ्या गावाच्या हातात बांगड्या भरायची ती. मायपेक्षा वयानं बरीच लहान, पण दोघींचं असं होतं की एकीला शिंक आली तर दुसरी विचारायची, काय झालं गं. शरीफाबीनं टेम्पोचा फाळका धरला आणि म्हणाली, "अनसाबाई, वरीस झालं की पंचमीला येतो आम्ही. दार लावून बसलीस तर दार मोडू."

माय म्हणाली, "या की. पर आमच्या दिगूच्या खोलीला एकच दार हाय. मोडलं तर कुत्री शिरतील."

बायका हसल्या आणि टेम्पो निघाला. दिगू म्हणजे मी. दिगंबर.

हे मी गावातल्या माणसांसाठी लिहितो आहे, आणि माझ्यासारखे वाळूजला येऊन इथलेच होऊन गेले त्यांच्यासाठीही. गावात पुष्कळ वर्षं तिचा विषय निघाला की म्हणायचे, अनसाबाई शहरात गेली आणि माजली. बायका एवढ्या लांब तिला फेराला न्यायला गेल्या, तर तिनं तोंडसुद्धा दाखवलं नाही. हे खोटं आहे. आणि ते खोटं तिच्या तोंडचं नाही, माझ्या तोंडचं आहे. माय जाऊन खूप वर्षं झाली. आता माझंही वय झालं. तिच्या नावावर लागलेलं हे किटाळ मी जिवंत असेपर्यंत काढून टाकावं, एवढ्यासाठी हा खटाटोप.

फेर म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगायला हवं. नागपंचमीच्या आधीपासून आमच्याकडं बायका जेवणं उरकली की मारुतीच्या पटांगणात जमायच्या. गोल करून, हातात हात गुंफून, एक पाऊल पुढं, वाकून दोन पावलं मागं. अर्ध्या बायका गाण्याची ओळ म्हणायच्या, अर्ध्या ती झेलायच्या. ढोल नाही, ताशा नाही. पायांचा आवाज आणि बांगड्यांचा. विधवा बायकाही फेरात असायच्या. त्यांच्या हातांचा आवाज नसायचा, एवढंच.

ज्या घरी मयत झालेली असेल त्या घरची बाई वर्षभर फेरात यायची नाही. आणि वर्ष संपल्यावर ती आपल्या पायानंही यायची नाही. ती घरी बसून राहायची, आणि पंचमीला फेरातल्या बायका तिच्या दारात जाऊन, हाताला धरून, ओढत तिला पटांगणात आणायच्या. ती नाही नाही म्हणायची, रडायची, उंबऱ्याला पाय अडवायची. तरी ओढायच्या. माय सांगायची, आपलं आपण नाचायला गेलं तर गेलेल्या माणसाचं काही वाटलं नाही असं होतं, आणि कुणी ओढायला आलंच नाही तर बाई बसली ती बसलीच. म्हणून हे काम दुसऱ्यांनी करायचं.

यातली सगळ्यात जुनी गोष्ट मायनं मला कितीतरी वेळा सांगितली होती. पोलीस अ‍ॅक्शनच्या साली ती नवी नवरी होती. आधी रझाकारांची भीती, मग फौजा आल्यावर उलटी भीती. त्या दिवसांत मणियाराच्या घरातला कर्ता माणूस गेला. कसा गेला ते कुणी मोठ्यानं बोलत नसे. वर्ष सरलं, पंचमी आली. फेर तर धरला, पण मणियाराच्या घराकडं जायला कुणाची हिंमत होईना. बायका एकमेकींकडं बघत उभ्या. तेव्हा माझी माय, अजून नवी सूनच असलेली पोरगी, सासूला न विचारता चालत त्या दारात गेली. दार बंद. ती म्हणाली, "मावशी, बांगड्या भरताना माझा हात दाबून लाल केलाव, आता मी तुमचा करते." त्या बाईनं दार उघडलं. शरीफाबीची ती सासू. तिला फेरात आणलं तेव्हा गाणं म्हणायचं कुणाला सुचेना, नुसतीच पावलं टाकत राहिल्या, असं माय सांगायची.

फेरानं मायचं काय व्हायचं ते मी लहानपणापासून पाहिलं होतं. माझे वडील तापट होते. घरात सतत कसलं तरी ओझं असायचं. आषाढात मायचं डोकं दुखायला लागायचं, ती कपाळाला फडकं आवळून भाकरी थापायची, कुणी बोललं तर वसकन अंगावर यायची. आणि फेर सुरू झाला की आठवड्याभरात फडकं सुटायचं. चाल बदलायची. घागर घेऊन येताना वाटेत कुणाची तरी टिंगल करून यायची. मी एकदा विचारलं, एवढं काय असतं गं त्यात? ती म्हणाली, "फेरात रडलेलं कुणाला दिसत नाय बाबा. घाम हाय का आसू हाय, कोण बघतंय. आन् एकदा रडून झालं की भूक लागती." फेरात रडत गेलेली बाई हसत परत यायची असं काही नाही. पण जेवायची, आणि झोपायची. त्या वेळी मला ही फार मोठी गोष्ट वाटली नव्हती.

मी आधी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात होतो, मग वाळूजला नवा कारखाना झाला तिकडं आलो. बजाजनगर तेव्हा उघडंबोडकं होतं. एकाला एक लागून खोल्या, मधून गटार, समोर मुरूम. शेजारी बीडचे, पलीकडं लातूरचे, वरती नाशिककडचे. माझी बायको कमल हिला जवळच एका पॅकिंगच्या युनिटमध्ये काम लागलं होतं. मोठी मुलगी बालवाडीत, धाकटा मांडीवरचा. गावात मायला एकटं कसं ठेवायचं म्हणून आणली, असं मी सगळ्यांना सांगायचो. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की पोरं सांभाळायला माणूस हवं होतं.

माय पहिल्या वर्षी ठीक होती. पोरांना जपायची, खोलीपुढं सडा घालायची, शेजारच्या लातूरवाल्या बाईबरोबर भांडायची आणि मग तिलाच कालवण द्यायची. अधूनमधून म्हणायची, "पंचमीला येतील त्या." मी हूं म्हणायचो.

आणि त्या आल्या. वडिलांचं वर्षश्राद्ध होऊन गेलं होतं, पंचमी दोन-तीन दिवसांवर होती. मी पहिली शिफ्ट करून येत होतो. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीपाशी चार बायका उभ्या, चिखलानं भरलेल्या पायांनी. पुढं शरीफाबी, तिच्या मागं माझी चुलती गोदाकाकू आणि आणखी दोघी. एसटीनं क्रांती चौकात उतरून, विचारत विचारत, दुसऱ्या बसनं वाळूजला आलेल्या.

"हितंच गाठ पडली बरं झालं," शरीफाबी म्हणाली. "साऱ्या खोल्या खुराड्यावानी येकसारख्या. तुझ्या मायला कुठं हुडकायचं?"

खोली तिथून मागच्याच गल्लीत होती. हाक मारली असती तर मायला ऐकू गेली असती.

मी त्यांना चहा सांगितला. चहा येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. माय पंचमीला गेली तर पोळ्यापर्यंत राहणार, पोळ्याला राहिली तर दसऱ्यापर्यंत. गावात पाय टाकला की ती परत येईलच असं नाही. कमलची नोकरी नवी होती, सुट्ट्या केल्या तर काढून टाकतील. पोरांना कोण बघणार?

मी म्हणालो, "मावशी, माय नको म्हणती."

"काय नको म्हणती?"

"फेर. तिला आता ते नको वाटतं. नातवंडांत रमली ती."

गोदाकाकू म्हणाली, "बरं, तिच्या तोंडानं ऐकू दे की मग. आम्ही काय बहिऱ्या हाव का?"

"ती नाही यायची बाहेर. मला म्हणाली, आल्या तर वाटेतूनच लावून दे."

मग शरीफाबीनं चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर ठेवला. म्हणाली, "माझ्या सासूनं तर कडी लावली व्हती. तवा तुझ्या मायनं सोडलं का? मग आम्ही बी न्हाय सोडत. चल गं गोदा."

आणि त्या निघाल्याच. तेव्हा मी म्हणालो, "मावशी, तमाशा नको करू. माझी नोकरी आहे इथं. लोक बघतायत."

त्या शब्दानं त्या थांबल्या. शरीफाबीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी आजही ते डोळे विसरलो नाही. तिनं काखेतलं गाठोडं माझ्या हातात दिलं. पंचमीच्या लाह्या होत्या. "तिला दे," म्हणाली, "का तिला हेबी नको?" आणि चौघी आल्या तशा चिखलातून परत गेल्या.

लाह्या घरी न्याव्या तर कुठून आल्या हे सांगावं लागलं असतं. दुसऱ्या दिवशी मी ते गाठोडं कँटीनमध्ये नेलं. सगळ्यांनी मुठी भरभरून खाल्ल्या. गावाकडच्या लाह्यांची चवच वेगळी, म्हणाले.

पंचमीच्या दिवशी माय सकाळीच न्हाली. धुतलेलं लुगडं नेसली, केस विंचरले आणि दारात बसली. दिवसभर बसली. पोराला मांडीवर घेऊन बसली, भाजी निवडत बसली. संध्याकाळी उठताना म्हणाली, "औंदा पाऊस लई. नदीला पाणी असंल, येश्टी बंद पडली असंल."

पुढच्या पंचमीलाही ती तशीच बसली. त्या वेळी म्हणाली, "गावात कुणाचं तरी झालं असंल." त्याच्या पुढच्या वर्षी काही बोलली नाही. बसली मात्र.

हळूहळू ती थकत गेली. आजार म्हणावा तर कसलाच नव्हता. हातपाय दुखतात म्हणायची, दुपारची भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. लातूरवालीशी भांडायची बंद झाली. जेवण अर्धं सोडायची. मी तिला दवाखान्यांतून फिरवलं. टॉनिक झालं, इंजेक्शनं झाली, रक्त तपासलं. एक तरुण डॉक्टर होता, चांगला, बोलका. त्यानं विचारलं, "आजी, तुम्हाला आधी काय करायला आवडायचं?"

"फेर," माय म्हणाली.

"मग खेळा की. घरातल्या घरात चार पावलं टाकली तरी बरं वाटेल. मन हलकं होतं त्यानं."

"आपलं आपण न्हाय खेळता येत डाक्टर. कुणी ओढाया यावं लागतं. आन् माझ्याकडं कुणी आलं न्हाय."

डॉक्टर हसला, त्याला काय कळणार. मी तिच्या शेजारच्या स्टुलावर बसलो होतो. तेव्हा बोलायला हवं होतं. रिक्षातही बोलता आलं असतं. पण आता सांगितलं तर ती मला काय म्हणेल, या भीतीनं मी गप्प राहिलो, आणि एकदा गप्प राहिलं की पुढं बोलणं आणखी अवघड होतं. पोरं मोठी झाली, शाळेत जायला लागली, मायची तशी गरजही उरली नाही. तेव्हा तरी तिला गावी नेऊन सोडायला हवं होतं. पण गावात नेलं असतं तर खोटं उघडं पडलं असतं. म्हणून नेलं नाही. तिनंही कधी म्हटलं नाही. आपल्याला विसरलेल्या बायकांत कोणत्या तोंडानं जायचं, असं तिला वाटत असणार.

ती गेली ती अशीच, भिंतीकडं तोंड करून. रक्षा घेऊन मी पैठणला गेलो. वाटेत गाव लागतं. थांबलो तर चुलत्यांच्या घरची माणसं भेटली, पण तिच्या मैत्रिणींपैकी कुणी आलं नाही. शरीफाबी ओट्यावर बांगड्यांचे तोडे लावत बसली होती. मला बघून आत गेली.

त्यानंतर मी आयुष्य काढलं, दुसरं काय. खोलीच्या जागी फ्लॅट झाला. पोरांची लग्नं झाली. रिटायर झालो. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आता झुंबाचा क्लास असतो. माझी सून जाते. मध्यंतरी तिचे दिवस वाईट गेले, बाळंतपणानंतर सारखी रडायची, कुणाशी बोलायची नाही. गोळ्या चालू होत्या, त्यात डॉक्टरांनी हेही करून बघा म्हटलं. मला हे असलं डीजेवर उड्या मारणं आवडत नाही. पण मागच्या पंचमीच्या आधी एकदा ती क्लासहून आली, ओढणीनं मान पुसत, आणि सोफ्यावर बसून म्हणाली, "बाबा, काय माहीत काय होतं, पण डोकं मोकळं होतं. आणि भूक लागते." मी पेपर वाचत होतो. पेपर तसाच हातात राहिला.

त्या दिवशी मी कमलला सगळं सांगितलं. ती भांडी लावत होती, ती तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "मला विचारलं असतंत तर मी नोकरी सोडली असती असं नाही. पण सुट्टी काढली असती. पंचमीपुरती काढली असती. तुम्ही माझं नाव घेऊन ठरवलंत आणि मला विचारलंच नाही." मी म्हणालो, हो. ती म्हणाली, "माझ्याजवळ बोलून काय उपयोग? ज्यांना सांगायचं त्या गावात आहेत."

गोदाकाकू आणि बाकीच्या दोघी केव्हाच गेल्या. एकटी शरीफाबी आहे. मागच्या पंचमीला मी गावी गेलो. ती खाटेवर बसलेली, डोळ्यांनी कमी दिसतं. नाव सांगितल्यावर तोंड फिरवलं. मी खाली जमिनीवर बसलो आणि सांगून टाकलं. टपरी, चहा, मागची गल्ली, लाह्या, सगळं.

तिनं फिरवलेलं तोंड माझ्याकडं केलं. मग म्हणाली, "म्हंजी ती वाट बघत व्हती?"

"व्हय मावशी."

"किती पंचम्या?"

"सगळ्या."

तिनं पदर डोक्यावर नीट केला. "या अल्ला. आम्ही तिला काय काय बोललो रं दिगू. पाण्यावर, खुरपताना, कुणाच्या लग्नात. गेली म्हणून कळालं तवा मी म्हणले, गेली तर गेली, शेहरवाली बाई. आता ते सगळं बोललेलं कुठं नेऊन टाकू?"

मी उठायला गेलो.

"मला एकलीला सांगून भागत न्हाय," ती म्हणाली. "मी आज हाय, उद्या न्हाय. तिकडं बाया जमल्यात, त्यांच्यात जा आन् सांग. मोठ्यानं सांग."

मी पटांगणात गेलो. फेर आता लहान झाला आहे. निम्म्या पोरी मोबाइलवर गाणं लावून नाचत होत्या, थोड्या सुना जुना फेर धरून होत्या. मी उभं राहून सांगितलं, अनसाबाई फेराला नको म्हणाली नव्हती, मी खोटं बोललो होतो. त्या थांबल्या, डोक्यावर पदर घेऊन ऐकलं. झाल्यावर एका सुनेनं अदबीनं विचारलं, "कोणत्या अनसाबाई, आजोबा?"

कुणीतरी सांगितलं, ते बजाजनगरचे दिगंबरतात्या आहेत ना, त्यांची आई. बरं, असं ती म्हणाली. थोड्या वेळानं फेर पुन्हा सुरू झाला. त्यांचा काही दोष नाही. ज्या कानांनी हे ऐकायला हवं होतं ते कान उरले नव्हते. एवढी वर्षं मी ज्या बदनामीला भीत होतो, ती आठवणारी माणसं माझ्याआधी संपली होती.

परत आलो तर शरीफाबीच्या नातसुनेनं चहा आणला. शरीफाबी म्हणाली, "त्याला देऊ नको." पोरगी कप हातात घेऊन उभी. मग म्हातारी म्हणाली, "दे. लांब जायचंय त्याला."

मी चहा पिऊन उठलो. पायांना हात लावायला वाकलो तर तिनं पाय आखडून घेतले. दारापर्यंत गेल्यावर मागून आवाज आला, "पुढच्या पंचमीला ये. आज मला नीट भांडता आलं न्हाय."

मी जाणार आहे. तब्येत साथ देते तोवर दर वर्षी जाईन. बजाजनगरात माझं सगळं आहे, कमल आहे, मुलगा-सून, नातवंडं आहेत, ती मला जपतात. पण मायची बाजू घेऊन माझ्याशी भांडेल असं माणूस तिकडं गावात एकच आहे, अंधूक डोळ्यांचं, खाटेवर बसलेलं. ते आहे तोवर मला गाव आहे.